पुसून पाठवू नका

१

मुंगसाची कंपनी बुडाली तेव्हा तिने छापील पत्रक काढून गिऱ्हाइकांना वचन दिलं होतं : पुढची वीस वर्षं सगळे सुटे भाग मिळत राहतील. त्याखाली सही करणारा गृहस्थ पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीत फ्रिज विकत होता. मी त्याला तिथे जाऊन गाठलं आणि विचारलं. तो म्हणाला, "वचन कंपनीचं होतं. कंपनी राहिली नाही." चाळीस वर्षांच्या बातमीदारीत इतकं निर्लज्ज आणि इतकं बिनतोड उत्तर मी दुसरं ऐकलेलं नाही.

मुंगूस म्हणजे गाडी. दोन माणसांची, बुटकी, तपकिरी, नाक लांब आणि पाठ आखूड. तीन वर्षं ही गाडी निघाली, मग बंद. कंपनीने तिला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, ते ताईने गाडी घरी आणली त्याच दिवशी रद्द केलं. "हे मुंगूस आहे," ती म्हणाली, "आणि मागे बसायला जागा नाही, तेव्हा नातेवाइकांनी आशा सोडावी."

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, त्यामुळे मला वाढवलं तिनेच. पुढे ती दातांची डॉक्टर झाली आणि स्वतःच्या कमाईतून तिने गाडी घेतली. बाईमाणसाला असली गाडी कशाला, असं गल्लीत बोललं जायचं. ताई सगळ्यांना एकच सांगायची, "जपून बोला. उद्या दात दाखवायला माझ्याकडेच यायचंय." माझी ओळख ती अशी करून द्यायची : "माणसाने तोंड उघडलं की दोनच गोष्टी दिसतात, किडलेले दात नाहीतर खोटं. दातांचं माझ्याकडे, खोट्याचं याच्याकडे." मी सतत कुणाचं ना कुणाचं खुसपट काढत असे म्हणून तिने माझं नाव खुसपट्या ठेवलं होतं. बासष्टाव्या वर्षीही मी खुसपट्याच होतो.

माझी बायको गेल्यावर मी ताईकडे राहायला आलो. गेल्या वर्षी ताई विसरायला लागली.

डॉक्टर म्हणाले, "घरातल्या खोल्या एकेक करून बंद होत जातात, असं समजा."

"कुलूप कोण लावतं?" मी विचारलं. मला राग आला होता. 

त्याच आठवड्यात सकाळी चहा घेताना ताई म्हणाली, "खुसपट्या, माझं डोकं रिकामं व्हायच्या आत मुंगूस चालू कर. एकदा डोंगराच्या वळणांवरून न्यायचंय. मी चालवणार. तू शेजारी तोंड बंद ठेवून बसायचंस."

"डॉक्टर नको म्हणतील."

"मी कोण आहे मग? न्हावी?"

अकरा वर्षं गाडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. ती सुरू व्हायला हवी होती, आणि ताई तिला आपली म्हणून ओळखते आहे तोवर सुरू व्हायला हवी होती. मला एवढं एकच काम उरलं होतं.

२

मिस्त्री जुना, मुंगसाच्या काळातला. ताडपत्री काढल्यावर त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडलं, खाली वाकला आणि म्हणाला, "इंजिन उठेल साहेब. जिथे माणसाचा हातपाय लागतो, डोळा जातो तेवढंच गेलंय. पेडल, गिअरचा दांडा, सीट, स्टीअरिंग, दाराचं कुलूप, आरसा, वेगाचा काटा. बाई दणकून चालवायच्या."

"मिळतील?"

"मिळाले तर बसतील का ते विचारा." त्याने दाराच्या आतला पत्रा सोडवून मला दाखवला. आतल्या बाजूला पंचने आकडा ठोकला होता : ६१. "ही गाडी साच्यातली नाही. कारखान्यात माणसं एकेक भाग कानशीने घासून बसवायची. एकीचा भाग दुसरीत जाऊ नये म्हणून प्रत्येक भागामागे गाडीचा नंबर. आपली एकसष्टावी. बासष्टचं कुलूप आणलंत तर दोन दिवस घासत बसावं लागेल."

मी कामाला लागलो. रोज सकाळी अकरा वाजता वही उघडून फोनशी बसायचं. भंगारवाले, जुन्या गाड्यांचे शौकीन, बंद दुकानांच्या मालकांच्या विधवा. निम्मे लोक हसायचे. एकाने मला सल्ला दिला की दुसरा छंद शोधा. त्याला मी जे सुनावलं ते ताईने आतून ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या.

दीड महिन्याने एक साधं कार्ड आलं. टाइप केलेलं. "तुमच्या गाडीचे भाग आहेत." खाली पत्ता. फोन नंबर नव्हता. पण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी फोनकडे हात नेला आणि तो वाजला.

बाईचा आवाज होता. शांत, जरा दमलेला.

"काय काय हवंय तुम्हाला?"

मी यादी वाचली.

"सगळं आहे. पैसे नकोत. बदली हवी. नवा भाग पोचला की जुना परत पाठवायचा."

बदलीची पद्धत मला ठाऊक होती. जुना भाग घेऊन दुकानदार तो दुरुस्त करतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला देतो. पण पैसे नकोत म्हणणारा माणूस भेटला की माझ्या मानेवरचे केस उभे राहतात. असल्या माणसांवर मी तीन लेखमाला लिहिल्या आहेत.

"आमचा माल फार झिजलेला आहे," मी म्हटलं.

"झिजलेलाच हवा. आणि एक सांगते. पुसून पाठवू नका."

३

पहिल्यांदा क्लचचं पेडल आलं. कोरं, तेलकट कागदात गुंडाळलेलं, कुणाचा पाय न लागलेलं. मिस्त्रीने कानस बाजूला काढून ठेवली होती. ती त्याने तशीच परत पेटीत टाकली.

"बसलं," तो म्हणाला.

"मग चांगलं आहे की."

"साहेब, घासल्याशिवाय बसलं." त्याने पेडल पुन्हा सोडवलं आणि उलटं करून माझ्यापुढे धरलं. मागे आकडा होता, ६१.

 मग मी हसलो. बाईने नंबर कुठून तरी मिळवला, पंचने ठोकला, झालं. नकली माल. तिला पकडायचं आणि तिचा पंचनामा करायचा, पण आधी भाग घ्यायचे, असं मी ठरवलं. मिस्त्री हसला नाही. "नकली माल इतका बरोबर नसतो," एवढंच म्हणाला.

जुनं पेडल मी हातात घेतलं. रबरावर ताईच्या चपलेचा आकार उतरला होता, टाचेकडे खोल आणि अंगठ्याकडे तिरपा. मी ते न पुसता पाठवलं.

दोन दिवसांनी ताई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहिली. "अरे," ती म्हणाली, "कुठला पाय आधी टाकायचा?"

मी हात दिला. ती हसली, मीही हसलो.

मग दाराचं कुलूप आलं, आमचं गेलं. त्या आठवड्यात ताईने घराच्या किल्ल्यांचा जुडगा मला दाखवून विचारलं, हा कुणी विसरून गेलाय का. आरसा गेला. त्यानंतर मागून हाक मारली तर ती वळून बघेनाशी झाली. समोर जाऊन उभं राहावं लागायचं. वेगाचा काटा गेला. तिने जेवायला किती वेळ आहे हे विचारणं सोडून दिलं. आणलं तर जेवायची.

मी वहीत दोन रकाने आखले. एका बाजूला कुठला भाग कधी पाठवला, दुसऱ्या बाजूला ताईचं काय गेलं. आखले आणि स्वतःची लाज वाटली. आधी हे झालं, नंतर ते झालं, म्हणून ह्यामुळे ते झालं, असं लिहिणाऱ्या किती पोरांची बातमी मी त्यांच्या तोंडावर फेकली होती. आजार आधीपासून होता. डॉक्टरांनी खोल्यांचं सांगितलंच होतं. आणि उलट बाजूही होती : आम्ही थांबलो तरी आजार थांबणार नव्हता, फक्त गाडी राहून गेली असती. ताई अजून अधूनमधून शेडच्या दाराशी येऊन विचारायची, "खुसपट्या, माझं मुंगूस उठलं का रे?" तिचा तो 'माझं' ऐकला की मी वही मिटून टाकायचो.

सीट पाठवायच्या दिवशी मात्र मी जरा घुटमळलो. आमची सीट चामड्याची, ताईच्या अंगाने पार दबलेली. मिस्त्री म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही. भरा."

दुसऱ्या दिवसापासून ताई स्वतःच्या घरात खुर्चीच्या कडेवर बसायला लागली. पाठ ताठ, हात मांडीवर. जशी परक्यांकडे बसतात.

४

बाईचा फोन दर वेळी अकराला यायचा. सुरुवातीला दोन वाक्यांत संपायचा. नंतर ती रेंगाळायला लागली.

"गिअरचा दांडा निघाला का?"

"मिस्त्री सोडवतोय."

"दुसऱ्या गिअरला अडकतो ना? मनगट जरा आत वळवायला सांगा त्याला."

मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"सगळ्याच अडकतात," ती म्हणाली. पटण्यासारखं होतं. मी वहीत टिपून ठेवलं. मग ती म्हणाली, "आवाज बसलाय तुझा. गरम पाण्याने गुळण्या कर." आणि लगेच, "करा. गुळण्या करा."

मी फोन खाली ठेवला. जीभ घसरते माणसाची. पण माझं वय असं, की मला 'तू' म्हणणारी माणसं एकेक करून गेली होती. जगात आता एकच उरलं होतं, आणि ते आतल्या खोलीत होतं.

गिअरचा दांडा दुपारी गेला. संध्याकाळी मी ताईसाठी चहा घेऊन गेलो. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिने कप घेतला, माझ्याकडे बघितलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाली, "तुम्ही नाही घेणार?"

तुम्ही.

लोकांना वाटतं, विसरणं म्हणजे नाव विसरणं. नाव विसरली असती तर मी दहा वेळा सांगितलं असतं. हे सांगता येत नाही. 'ताई, मला तू म्हण' असं म्हणून बघितलं. ती संकोचली, ओशाळं हसली आणि म्हणाली, "असं कसं बोलेन मी तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी अकराला फोन वाजला. मी उचलून काही बोलायच्या आत बाई म्हणाली, "जेवलास का रात्री?"

ह्या वेळी तिने शब्द दुरुस्त केला नाही.

मी विचारलं, "आपण कोण बोलताय?"

 ती म्हणाली, "आता स्टीअरिंग तेवढं राहिलं."

५

मिस्त्रीला मी सांगायला हवं होतं की आता काही पाठवू नका. पण तो आला नव्हता, आणि माझ्या डोक्यात राग भरला होता. कार्डावरचा पत्ता खिशात घालून मी तडक निघालो. आयुष्यभर मी असाच निघत आलो : आधी गाठायचं, मग विचार करायचा.

पत्ता रुळांपलीकडच्या एका रस्त्याचा होता. दोन्ही बाजूंना पाने, पट्टे, बेअरिंगची दुकानं. भर दुपार, हमालांची गर्दी, हातगाड्यांचा खडखडाट. नेमकं तेच गोदाम बंद होतं. शटरवर धूळ, कडीवर गंज.

शेजारचा बेअरिंगवाला डबा खात होता. "कुणाला शोधताय काका?"

"इथे एक बाई सुटे भाग विकतात."

"इथे? मी बारा वर्षं बसतोय इथे. बाई नाही बघितली आणि बुवा नाही बघितला. पार्सलवाला येतो, शटरपाशी ठेवून जातो."

"मग उचलतं कोण?"

त्याने घास गिळला. "ते मी बघत नाही," तो म्हणाला, आणि डबा झाकून आत गेला. खरंच जेवण संपलं होतं की नाही, कोण जाणे.

बाजूच्या बोळात एक खिडकी होती. काचेवर आतून रंग फासलेला, एका कोपऱ्यात काच फुटून बोटभर भोक पडलेलं. मी तिथे डोळा लावला. आधी वास आला. लवंगेच्या तेलाचा. ताईच्या दवाखान्यात असायचा तोच, कापूस भिजवून दाढेत धरायला द्यायची तेव्हाचा.

मग अंधार जरा निवळला.

गाडी नव्हती. गाडीची जागा होती. जमिनीवर आमची सीट. तिच्यापुढे, नेमक्या अंतरावर, पेडल. बाजूला गिअरचा दांडा, पायाशी काही आधार नसताना सरळ उभा. वर, डोळ्यांच्या उंचीला, आरसा. मी त्याला लटकवलेली दोरी शोधली. चाळीस वर्षं मी हेच करत आलो, दोरी शोधत आलो. मला दोरी दिसली नाही. पण अंधार होता, आणि भोक बोटभर होतं.

सीटवर कुणीतरी बसलं होतं. माझ्याकडे पाठ होती. जाड वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली. पाठ सीटला अशी टेकलेली, की जणू ते चामडं त्याच पाठीसाठी दबलं होतं. दोन्ही हात पुढे केलेले, मुठी वळलेल्या, आणि मुठींत काहीच नव्हतं. रिकाम्या हवेला ते हात घट्ट धरून होते. मग ते डावीकडे वळले, हळू, हातावर हात घेत, जसं मोठं वळण घेताना घेतात. पुन्हा सरळ झाले. पुन्हा वळले. दर वेळी वळण अर्ध्यावर सुटत होतं, कारण धरायला काही नव्हतं.

आरशात डोळे दिसले असते. मी आरशाकडे बघितलं नाही. सगळ्या जन्मात मी बघायचं टाळलेली ती एकच गोष्ट.

६

परत येताना एकच ठरवत होतो : स्टीअरिंग द्यायचं नाही. गाडी न हलो. ताईला तिच्या जुन्या स्टीअरिंगसमोर बसवायचं, हात त्याच्यावर ठेवायचे. काय सांगावं, हातांनी तरी ओळखलं असतं.

गल्लीच्या तोंडाशीच इंजिनाचा आवाज ऐकू आला.

मी धावलो. शेडचं दार सताड उघडं, मुंगूस घरघरत उभं, धूर, आणि मिस्त्री हात पुसत हसतोय. चार महिन्यांत पहिल्यांदा हसला असेल.

"तुम्ही गेलात आणि पार्सल आलं," तो म्हणाला. "म्हटलं साहेब यायच्या आत बसवून टाकू. खूश होतील. दहा मिनिटांत बसलं बघा."

"जुनं?"

"जुनं काय?"

"जुनं स्टीअरिंग कुठे आहे?"

"दिलं की. तोच पार्सलवाला थांबला होता, त्याच्याकडेच." माझा चेहरा बघून त्याचं हसू ओसरलं. "साहेब, बदलीचा माल अडकवून ठेवत नाहीत. धंद्याचं नाक असतं ते. मी चुकलो का?"

तो चुकला नव्हता. कुठलाही प्रामाणिक मिस्त्री हेच करता. 

ताई गाडीत बसली होती. मिस्त्रीनेच हौसेने बसवली होती. कोऱ्या सीटच्या कडेवर, कोऱ्या स्टीअरिंगसमोर. हात मांडीवर. मी दाराशी वाकलो.

"ताई, मुंगूस उठलं."

तिने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत भीती नव्हती, दुःख नव्हतं, नुसती पाहुण्याची अवघडलेली नम्रता होती.

"छान आहे गाडी," ती म्हणाली. "कुणाची?"

मग जरा थांबून, हळूच, "आवाज फार आहे हो. बंद करायला सांगता का त्यांना?"

मिस्त्रीने किल्ली फिरवली. शेडमध्ये इतकं शांत झालं की बॉनेटखालचा गरम पत्रा कुरकुरताना ऐकू येत होता.

७

पार्सलची गाडी पाचला सुटते. साडेचारला मी पार्सलच्या ऑफिसात होतो.

"पावती?" कारकून म्हणाला.

"पावती मिस्त्रीकडे आहे. पार्सल माझं आहे."

"पावतीशिवाय देता येत नाही."

"नियम दाखवा."

"काय?"

"कुठल्या कागदावर लिहिलंय ते दाखवा. तारीख, सही. नाहीतर तुमच्या साहेबांना बोलवा, मी त्यांच्याकडून लिहून घेतो." माझा हा आवाज अजून चालतो. पाच मिनिटांत पार्सल टेबलावर आलं.

गोणपाटात गुंडाळलेलं होतं, दोरी सैल. मी कोपरा उलगडला. काळं, चकचकीत झालेलं स्टीअरिंग, आणि वरच्या बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे, दोन खळगे. तीस वर्षं दोन हात तिथेच धरत आले म्हणून पडलेले. मी माझे हात त्यांत ठेवून बघितले. बसले नाहीत. माझी बोटं जाड.

परत न्यावं. मिस्त्रीला सांगून पुन्हा बसवावं. ताईचे हात ह्या खळग्यांत ठेवले तर कदाचित उद्या सकाळी ती म्हणेल, ए खुसपट्या. एकदाच म्हणेल. पुढच्या महिन्यात तेही जाईल, हे डॉक्टरांनी मला कितीतरी आधी सांगितलं होतं. पण एक सकाळ तर मिळेल. मला ती सकाळ हवी होती.

आणि ताईला काय हवं होतं? तिने मला सकाळ मागितली नव्हती. वळणाचा रस्ता मागितला होता. इथल्या ताईला आता कुणीही, कधीही गाडी चालवू देणार नव्हतं. आणि तिथे कुणीतरी रिकाम्या हवेला धरून अर्ध्या वळणावर पुन्हा पुन्हा सुटत होतं.

माझी बुद्धी अजूनही सांगत होती, म्हाताऱ्या माणसाने बोटभर भोकातून अंधारात काय बघितलं ह्यावर काही ठरवायचं नसतं. ती बरोबर सांगत होती. मी तिच्याशी वाद घातला नाही.

"आजोबा," कारकून म्हणाला, "नेताय की पाठवायचंय? गाडी सुटेल."

खळग्यावर माझ्या बोटांचा घाम उमटला होता. मी बाही पुढे केली आणि मागे घेतली. दोरी आवळून गाठ मारली.

"पाठवा," मी म्हटलं.

८

दुसऱ्या दिवशी अकराला फोन वाजला.

मी उचलला. कुणी बोललं नाही. इंजिन चालू होतं, जड, जागच्या जागी. मग क्लच दाबल्याचा खट्कन आवाज. पहिला गिअर. दुसऱ्याला जरा अडकलं, आणि सुटलं. मी "ताई" म्हणालो की नाही आठवत नाही. आवाज लांब जाऊ लागला. एक वळण, दुसरं वळण. वळण घेताना इंजिन खालच्या पट्टीत उतरे आणि वर येई. मी उभा राहून ऐकत होतो. शेवटी तारेत नुसता वारा राहिला, आणि मग तोही राहिला नाही.

मी आत गेलो. ताई खिडकीशी खुर्चीच्या कडेवर बसली होती. मी तिच्या समोर, तिला दिसेन असा, बसलो. आता मीही तिला तुम्हीच म्हणतो. 'तू' म्हटलं की ती दचकते.

"बरं वाटतंय का तुम्हाला?"

"हो, हो. तुम्ही काय करता हो? मी विचारलंच नाही."

"मी बातमीदार होतो."

"अरे वा." ती खरंच खूश झाली. "मग सांगा ना काहीतरी. काय बातमी?"

 मग मी म्हटलं, "माझी बहीण आज गाडी घेऊन गेली."

"कुठे?"

"डोंगराकडे. पुढचं ठाऊक नाही."

"एकटीच?"

"एकटीच."

ती विचारात पडली. मग पुढे वाकून, अनोळखी माणसाला धीर द्यावा तसं, तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"चालवते ना नीट?"

"फार छान चालवते."

"मग झालं तर," ताई म्हणाली. "तुम्ही रडू नका."